श्यामच्या आईने शिंपटी उगारली म्हणून पुस्तकच कपाटात ठेवायचं का?

दापोली_तालुका:
परवा इथे कुणीतरी लिहिलं की साने गुरुजींचं 'श्यामची आई' आता मुलांच्या हातात देऊ नका, त्यात मारहाण आहे, मुलाला सारखं अपराधी वाटायला लावणारी आई आहे आणि बाईने सोसत राहावं हीच शिकवण आहे. त्याला खाली दोन ओळीत उत्तर देऊन समाधान होईना म्हणून वेगळा धागा काढतोय.

पोहण्याचं प्रकरण सगळे उगाळतात. श्याम पाण्याला घाबरून लपून बसतो, आई शिंपटीने फोडून काढते आणि विहिरीवर धाडते. एवढंच लक्षात राहतं लोकांच्या. बेचाळीस रात्री, म्हणजे बेचाळीस प्रकरणं आहेत त्या पुस्तकात! 'मुकी फुले' वाचलंय का कुणी? सगळ्यांच्या आधी फुलं मिळावीत म्हणून श्याम कळ्याच तोडून आणतो आणि आई त्याला सांगते की अरे झाडावर फुलू तर दे त्यांना. 'अलोणी भाजी'मध्ये आई रताळ्याच्या पाल्याच्या भाजीत मीठ घालायला विसरते, वडील एक शब्द न बोलता जेवून उठतात, मुलंही त्यांच्याकडे बघून गप्प जेवतात, आणि ती स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. ती खूश होत नाही हं, तिला चुटपुट लागते की मला सांगितलं का नाही, तुम्हाला तसंच खावं लागलं. त्या घरातला सद्गुण हा आहे. समोरच्याला काय होत असेल हे आधी मनात येणं, मग तो समोरचा माणूस असो नाहीतर झाडावरची कळी. सोसणं सोसणं काय लावलंय. घरावर कर्ज होतं, सावकाराची माणसं दारात येऊन वाट्टेल ते बोलत होती, तेव्हा ती काय करणार होती?

दोन_मुलांची_आई:
ती पोस्ट माझी नव्हती पण तिच्यातला शब्द न् शब्द मला पटला होता. आमच्याकडे वडील हे पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मार्क कमी पडले की लाकडी पट्टीने मारायचे आणि रात्री जवळ घेऊन डोक्यावरून हात फिरवायचे, वर म्हणायचे, श्यामच्या आईने पण मारलंच होतं की. तुम्ही कळ्या आणि भाजी सांगताय, आमच्या घरी शिंपटीच पोचली. मारायचं आणि मग रडत रडत मायेने जवळ घ्यायचं हाच तर सगळा घोळ आहे, मुलाला कळतच नाही की रागवायचं कुणावर. आणि ती सांगते काय त्याला? आईची मुलं भित्री आहेत असं लोकांनी म्हटलेलं तुला चालेल का! लोक काय म्हणतील, दुसरं काय आहे हे?

अमळनेरचा_जुना_विद्यार्थी:
पुस्तकावर भांडताय पण ते कुणी आणि कधी लिहिलंय हे कुणीच बोलत नाही. गुरुजींची आई गेली १९१७ साली, शेवटच्या वेळी ते जवळ नव्हते. पुस्तक लिहिलं १९३३च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, पाच दिवसांत. मधल्या वर्षांत अमळनेरला शाळामास्तरकी केली, वसतिगृहातल्या पोरांचं अंथरूण-पांघरूण काढलं. तो माणूस पालकांना मार्गदर्शन करायला बसला नव्हता, गेलेल्या आईला आठवत होता. आठवणीत मारसुद्धा गोड होतो, ज्याने खाल्ला त्याला तसं म्हणायचा अधिकार आहे. आपल्या मुलाला मारताना ते पुस्तक पुढे करायचा अधिकार मात्र कुणाला नाही, एवढं मी ताईंचं मान्य करतो.

आणि खरं दुखणं वेगळंच आहे. निम्म्या लोकांनी अत्र्यांचा १९५३चा सिनेमा तेवढा पाहिलाय, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालेला, वनमालाबाईंचा. पुस्तक उघडलेलंच नाही. मुलं इंग्रजी शाळेत, मराठीची दोन पानं सलग वाचता येत नाहीत आणि पालक इथे चर्चा करतात की द्यावं की देऊ नये. वाचता आलं तर ना!

दोन_मुलांची_आई:
माझी मुलं मराठी शाळेत जातात. विषय बदलू नका.

निळी_शाई:
शिंपटीवर भांडून झालं असेल तर मी विचारते. 'देवाला सारी प्रिय' या प्रकरणाबद्दल कुणीच का बोलत नाही? महाराची म्हातारी, तिची मोळी खाली पडलेली, कुणी हात लावायला तयार नाही. आई श्यामला सांगते, जा, मोळी उचलू लाग. इथपर्यंत सगळे डोळे पुसतात. पुढचं वाक्य काय आहे? घरी येऊन आंघोळ कर. दापोलीकर, समोरच्याला काय होत असेल हे आधी मनात येणं म्हणालात ना, मग त्या म्हातारीला काय होत असेल?

माझी आजी मोळ्या विकायची. ती सांगायची, चांगली माणसं पण भेटायची, मोळी डोक्यावर चढवून द्यायची, आणि ती वळणावर पोचेपर्यंत मागे अंगणात तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज यायचा. तिला तो आवाज ओळखू यायचा. शिवी दिलेली परवडायची म्हणायची.

दापोली_तालुका:
आजींबद्दल वाचून वाईट वाटलं. पण काळ बघाल की नाही? ती गोष्ट शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या कोकणातली, खोताच्या घरातली ब्राह्मण बाई. तिने उचलू लाग म्हटलं हेच त्या गावात केवढं मोठं होतं.

निळी_शाई:
काळ काळ करू नका. जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला १८६८ साली, तेव्हा श्यामची आई जन्मलीही नसेल. गुरुजींनी पुस्तक लिहिलं त्याच्या सहा वर्षं आधी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. गुरुजींच्या गावाहून, पालगडहून, महाड काही परदेशात नाही. काळ सगळ्यांचा तोच होता, काहींनी आंघोळ केली नाही.

दापोली_तालुका:
मग गुरुजींनी ते वाक्य पुस्तकात ठेवलं कशाला? आईला देवी करायचं असतं तर आंघोळीची ओळ गाळली असती, कुणाला कळणार होतं? ती जितकी पुढे गेली तितकी दाखवली आणि जिथे थांबली तिथे थांबलेली दाखवली. आणि त्याच श्यामने, म्हणजे गुरुजींनी, १९४७च्या मे महिन्यात पंढरपूरला विठ्ठलाचं देऊळ हरिजनांना उघडावं म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केलं. ते कुठून आलं? मोळीतूनच आलं. आईने अर्धं शिकवलं, उरलेलं पोराने पुरं केलं. मी याला सद्गुण म्हणतो आणि म्हणत राहणार.

अमळनेरचा_जुना_विद्यार्थी:
याला अनुमोदन. पंढरपूरला त्यांना विरोध करणारेही स्वतःला धार्मिकच म्हणवत होते.

निळी_शाई:
गुरुजींबद्दल माझं काही म्हणणंच नाही. उपोषणाबद्दल आमच्या घरीही आदराने बोललं जायचं, तरी वडील लगेच पुढे विचारायचे की देवळात जायला दुसऱ्याने उपाशी का राहावं लागतं. ओळ गाळली नाही हा मुद्दाही बरा आहे, तेवढा घेते. पण मी सातवीत असताना बाईंनी हा धडा वर्गात मोठ्याने वाचला होता. 'आंघोळ कर' झाल्यावर न थांबता पुढे गेल्या आणि शेवटी म्हणाल्या, बघा मुलांनो, केवढं मोठं मन! अर्धा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी पुस्तकात तोंड घालून बसले होते. त्या वर्गात म्हातारीच्या बाजूचं कुणी बसलं असेल हे बाईंच्या मनातच आलं नाही. तुमची आई थोर असेल हो, पण तिची गोष्ट सांगणाऱ्यांनी तिच्याकडून काय घेतलं?

दापोली_तालुका:
हे मात्र चुकलंच त्या बाईंचं. ही गोष्ट वर्गात घ्यायची तर त्या वाक्यावर थांबलंच पाहिजे, मुलांना विचारलं पाहिजे की आंघोळ का. ते न विचारता पुढे जाणं म्हणजे पुस्तक न वाचण्यासारखंच आहे. पण म्हणून पुस्तक देऊ नका हे मला कधीच पटणार नाही. ते दिलं नाही तर हा प्रश्न तरी कुठून विचारणार?

निळी_शाई:
देऊ नका असं मी म्हटलेलंच नाही, वर जाऊन बघा. माझ्या मुलीला मीच आणून दिलंय. पेन्सिलीने खुणा करून.

दोन_मुलांची_आई:
आणि आंघोळीवर थांबणार असाल तर शिंपटीवरही थांबा. तिथेही एक मूल पुस्तकात तोंड घालून बसलेलं असतं.