काळजीची गरज असलेल्यांसाठी वेगळा गट करावा, की चालू गटांतच त्यांना जागा करावी?

पायवाट:
परिसरातली दहा-बारा कुटुंबं आणि पंधरा स्वयंसेवक अशी तयारी आहे. ज्यांना रोजच्या जगण्यात दुसऱ्याची मदत लागते असे लोक (डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश असलेले ज्येष्ठ, व्हीलचेअर वापरणारे, बौद्धिक अपंगत्व असलेले तरुण) घरातच अडकून पडतात. त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा हॉलमध्ये मेळावा घ्यावा असा विचार आहे. पण अशा मेळाव्याला पुढे तीच मंडळी आणि तेच स्वयंसेवक उरतात, बाकीचा परिसर फिरकत नाही, असं ऐकलंय. सुरुवात कुठून करावी? जागा आणि स्वयंसेवक यांबाबत नेमकं काय बघावं?

सोबत:
हॉल नंतर ठरवा, आधी एकेका माणसाजवळ बसा. कागदावर एकात एक अशी चार वर्तुळं काढायची. सगळ्यात आत जिवाभावाची माणसं, दुसऱ्यात मित्र, तिसऱ्यात ज्यांच्याबरोबर आपण काहीतरी करतो ती (वर्गातली, मंडळातली), चौथ्यात मोबदला घेऊन सेवा देणारी, म्हणजे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, घरी येणाऱ्या मावशी. नावं त्या माणसाने स्वतः सांगायची. बोलता येत नसेल तर फोटो दाखवून विचारायचं. कॅनडात १९८० च्या सुमारास ज्युडिथ स्नो यांच्याभोवती मार्शा फॉरेस्ट आणि इतर मित्रांनी मदतीचं वर्तुळ उभं केलं, तिथून ही रीत पुढे पसरली. स्नो यांना स्वतःला चोवीस तास मदत लागायची.

बहुतेक वेळा कागदावर पहिलं आणि चौथं वर्तुळ भरलेलं असतं आणि मधली दोन कोरी. आपलं काम त्या मधल्या दोनांत आहे. त्यातही आधी तिसरं भरायचं. मित्र नेमून देता येत नाहीत, ते बरोबर काम करताना होतात.

मग परिसरात पायी फिरून यादी करा: वाचनालय, गाण्याचा सराव, बुद्धिबळ, बागकाम, जे नियमित भरतं ते सगळं. माणसाला ‘काय आवडतं?’ एवढंच विचारलं तर ‘काही नाही’ असं उत्तर येतं. पूर्वी काय करत होतात, अजून हाताला काय जमतं, दिवसातल्या कुठल्या वेळी बरं वाटतं, हे विचारा. त्यावरून एक गट निवडा आणि त्या गटात एक खरं काम मागून घ्या. परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारणं, सरावाआधी वह्या वाटणं, पटावर सोंगट्या मांडून ठेवणं. काम खरं आहे की नाही याची कसोटी सोपी आहे: तो माणूस एका आठवड्यात आला नाही तर कुणाचं तरी अडलं पाहिजे, कुणीतरी ‘आज आले नाहीत का?’ म्हणून विचारलं पाहिजे. नुसतं कोपऱ्यात बसवून टाळ्या वाजवायला लावणं म्हणजे सामावून घेणं नव्हे.

आणि एका गटात एक, फार तर दोन जण. चार जणांना एकदम नेलं की त्यांचं वेगळं टेबल होतं आणि त्या टेबलाशी फक्त स्वयंसेवक बोलतात.

उंबरठा:
जागेचं मी सांगतो. आमंत्रण मनापासून असतं आणि माणूस पायरीपाशी अडतो.

रॅम्पचा चढ १:१२ पेक्षा तीव्र नको. म्हणजे १५ सेंमीच्या एका पायरीला १८० सेंमी लांबीचा उतार लागतो, ३० सेंमीला ३६० सेंमी. तेवढी जागा नसेल तर दुसरं दार शोधा. आखूड फळी टाकून काम भागवू नका, चढताना खुर्ची मागे उलटते. दाराची मोकळी रुंदी किमान ८० सेंमी, ९० असेल तर उत्तम. ती दार उघडून, कडेपासून कडेपर्यंत मोजा. खुर्ची वळवायला १५० सेंमी व्यासाची मोकळी जागा हवी.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष स्वच्छतागृहाकडे होतं. त्याचं दार बाहेर उघडणारं हवं. आत उघडणारं असेल आणि माणूस आत पडला, तर त्याच्याच अंगाने दार अडतं आणि मदतीला आत जाता येत नाही. स्वच्छतागृह नीट नाही हे कळलं की लोक घरातून निघण्याआधी पाणी पिणं बंद करतात, नंतर येणंच बंद करतात. कारण मात्र कुणी सांगत नाही.

डिमेन्शियासाठी: दाराशी काळी किंवा गडद सतरंजी नको. तो खड्डा आहे असं वाटून माणूस तिथेच थबकतो आणि आपण त्याला हट्ट समजतो. चकचकीत फरशी ओली भासते. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी पंखा आणि मागचं संगीत बंद करा, कारण श्रवणयंत्र आवाजाबरोबर गोंगाटही मोठा करतं. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल असं बसा, खिडकीकडे पाठ करून नको. खुर्च्यांना हात हवेत, बैठक साधारण ४५ सेंमी उंच. शेजारी एक शांत खोली ठेवा आणि ती आहे हे आल्याबरोबर दाखवा.

वेळ एक ते दीड तास पुरे.

मध्यमा:
स्वयंसेवकांबाबत. सगळ्यात मोठी चूक चांगुलपणातूनच होते: मदतनीस शेजारी बसतो आणि माणसाच्या वतीने उत्तरं देतो. मग लोकही प्रश्न मदतनिसालाच विचारू लागतात, ‘यांना पाणी हवंय का?’ अशा वेळी मदतनिसाने उत्तर न देता माणसाकडे बघायचं आणि थांबायचं. मनात सावकाश दहा अंक मोजा. उत्तर यायला तेवढा वेळ लागतो.

मागे सरकण्याचा क्रम आधीच ठरवा. पहिल्या तीन-चार वेळा शेजारी, नंतर समोर, नंतर दाराजवळ, शेवटी फक्त फोनवर. ज्यांना उठवणं, शौचाला नेणं, भरवणं अशी अंगाची मदत लागते त्यांच्यासोबत प्रशिक्षित माणूस कायम हवाच. पण तो संभाषणात मध्ये नको.

गटाला आजाराचं नाव सांगू नका, काय केलं की सोपं जातं ते सांगा, आणि तेही त्या माणसाची परवानगी घेऊन. ‘एका वेळी एकच प्रश्न विचारा’, ‘पाठीमागून हात लावू नका’. बेल्जियममधल्या गील गावात मानसिक आजार असलेल्यांना कुटुंबात ठेवून घेण्याची परंपरा कित्येक शतकांची आहे. तिथेही कुटुंबाला निदान सांगण्यापेक्षा माणसाशी कसं वागायचं हे सांगण्यावर भर असतो.

लेखी नियम चारच, पण पक्के: पैसे हाताळायचे नाहीत, औषधं द्यायची नाहीत, घराची किल्ली ठेवायची नाही, प्रशिक्षणाशिवाय कुणाला उचलायचं नाही. फिट येणारं कुणी असेल तर काय करायचं ते सगळ्यांना माहीत हवं: घड्याळ बघा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, तोंडात काही घालू नका, झटके थांबल्यावर कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका.

पंधरा स्वयंसेवक म्हणजे सात जोड्या आणि एक जण समन्वयाला. एका जोडीकडे एकच माणूस द्या. एकटा स्वयंसेवक आजारी पडला की सगळी साखळी तुटते.

दोन्ही तीर:
वरचं सगळं मान्य, तरी वेगळ्या मेळाव्याला मोडीत काढू नका. १९९७ मध्ये नेदरलँड्समध्ये मानसशास्त्रज्ञ बेरे मीसेन यांनी अल्झायमर कॅफे, म्हणजे डिमेन्शिया असलेल्यांची आणि त्यांच्या घरच्यांची बैठक, सुरू केला तो याचसाठी, की आजाराबद्दल लपवाछपवी न करता बोलता यावं. घरी काळजी घेणाऱ्यालाही तिथे श्वास घेता येतो. महिन्यातून एकदा असं बसणं आणि दर आठवड्याला चालू गटात जाणं, असं दोन्ही ठेवा. फक्त मेळाव्यातही कामं सदस्यांनीच वाटून घ्यावीत. मानसिक आजार असलेल्यांसाठी १९४८ मध्ये सुरू झालेल्या न्यूयॉर्कच्या फाउंटन हाऊस या केंद्रातही सदस्य कामात असाच वाटा उचलतात.

आणखी एक, कळकळीने सांगतो. शेजारपाजार जमला म्हणून पगारी काळजी कमी करू देऊ नका. गीलमध्ये कुटुंबांना मोबदला मिळतो आणि पाठीशी रुग्णालय उभं असतं, म्हणून ते टिकलं. शेजारी गप्पा मारू शकतो, जखमेचं ड्रेसिंग त्याच्यावर टाकलं तर तोही येणं बंद करेल.

पायवाट:
फार उपयोगी. एक राहिलं. घरचे म्हणतात ‘न्या’, पण ती व्यक्ती स्वतः ‘नको’ म्हणते. तेव्हा?

सोबत:
‘नको’ला मान द्या, पण कशाला नको ते शोधा. गर्दीला, प्रवासाला, कपड्यांना, की तिथे लघवी लागली तर काय याला? प्रत्येकाचा उपाय वेगळा. आधी गटातला एक जण घरी येऊन भेटून जाऊ दे. मग रिकाम्या वेळी नुसती जागा बघून या. मग शेवटची पंधरा मिनिटं. ‘कंटाळा आला की लगेच परत’ असं कबूल केलं असेल तर वाहन खरोखरच तिथे थांबलेलं हवं. एकदा शब्द मोडला की पुढच्या वेळी दार उघडत नाही. तरीही नको असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा विचारा, आणि मधल्या काळात त्या घरी येणं-जाणं सुरू ठेवा.