माशातला मधुमेह आणि गुहेतला मासा

मधुमेहाच्या अभ्यासासाठी मासे वापरण्यावर 'माशाची साखर मुद्दाम वाढवली, तरी तो माणसाचा मधुमेह नव्हे' असा आक्षेप घेतला जातो. प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या झेब्राफिश या छोट्या माशापुरता तो बराचसा मान्य आहे. या माशाच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींमध्ये आधी जिवाणूचे एक विकर (एन्झाइम) बसवले आणि मग पाण्यात मेट्रोनिडाझोल हे औषध मिसळले, की विकर त्याचे विषात रूपांतर करत असल्याने नेमक्या त्याच पेशी मरतात; पण औषध काढल्यावर काही दिवसांत त्या पुन्हा तयार होतात, जे मधुमेही माणसात घडत नाही. अर्थात त्या परत येतात कशा, हेच कित्येक संशोधकांना पाहायचे असते आणि या माशाची अळी, म्हणजे नुकतेच अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू, पारदर्शक असल्याने ते जिवंतपणी दिसते.

मात्र मधुमेहासाठी मासे वापरण्याच्या या चर्चेत मेक्सिकोतील आंधळा गुहामासा राहून गेला. त्याला कोणी आजारी पाडलेले नाही. अंधाऱ्या गुहेत अन्नाची ददात असल्याने तो मिळेल तेव्हा अधाशासारखा खातो आणि चरबी साठवतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याच्या इन्सुलिन-ग्राहकात, म्हणजे पेशीवरच्या इन्सुलिनचा संदेश घेणाऱ्या प्रथिनात, एका अमिनो आम्लाचा (प्रथिनाच्या एका घटकाचा) बदल आढळला. माणसात हाच बदल रॅब्सन-मेंडेनहॉल या गंभीर विकाराशी जोडलेला आहे. झेब्राफिशमध्ये तो घडवल्यावर त्यांच्यातही इन्सुलिन-प्रतिरोध (इन्सुलिनला पेशींचा पुरेसा प्रतिसाद न मिळणे) दिसला आणि वजन वाढले. गुहामासा मात्र रक्तातील साखर चढती असूनही ठणठणीत राहतो आणि साखर चिकटून बिघडणाऱ्या प्रथिनांचे प्रमाणही त्याच्यात वाढलेले आढळत नाही. माझ्या मते, माणसाशी साम्य किती यापेक्षा हा फरक अधिक अभ्यासण्याजोगा आहे, कारण मधुमेहात डोळे आणि मूत्रपिंडे निकामी होण्यामागे अशा प्रथिनांचा वाटा मानला जातो.