प्रतिसाद: चष्म्याआधी पंखा आणि ब्राइटनेस बघा

स्क्रीनवर पुस्तकं वाचताना डोळे चुरचुरतात, या प्रश्नावर निळा प्रकाश अडवणारा चष्मा घ्या, असा सल्ला वर आलाय. पैसे घालवण्याआधी जरा थांबा. टक लावून वाचताना पापण्या कमी लवतात, अश्रूंचा थर सुकतो आणि चुरचुर सुरू होते. त्यात पुण्यातला एप्रिल आणि तोंडावर पंखा, मग तर विचारूच नका! पंखा वळवा, स्क्रीन नजरेच्या रेषेखाली घ्या (डोळा कमी उघडा राहतो) आणि दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब कुठेतरी पाहा.

ओएलईडी स्क्रीनचं (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) दुखणं वेगळं. बरेच फोन ब्राइटनेस कमी केला की स्क्रीन सेकंदाला काहीशे वेळा चालू-बंद करून उजेड घटवतात. ते नुसत्या डोळ्यांना जाणवत नाही, पण काहींचं डोकं धरतं. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोडवर शटर १/१००० सेकंद ठेवून त्यातून तुमची स्क्रीन बघा. सरकते काळे पट्टे दिसले की समजा, तुमचा फोनही त्यातलाच. मग ब्राइटनेस थोडा वर ठेवा, झगमगाट वाटला तर खोलीतला दिवा लावा. अंधारात पांघरुणाखाली वाचणं हा सगळ्यात वाईट प्रकार.

ई-इंक (किंडलसारख्या ई-बुक रीडरची कागदासारखी स्क्रीन) बाहेरच्या उजेडावर चालतं, त्यामुळे सारसबागेत भर उन्हातही अक्षर स्वच्छ दिसतं. मात्र ६ इंची रीडरवर ए४ पीडीएफ उघडलीत तर अक्षरं मुंगीएवढी होतात. ईपब (अक्षरं हवी तेवढी मोठी करता येणारी ई-बुक फाइल) घ्या, नाहीतर रीडर आडवा धरून अर्धं-अर्धं पान वाचा. स्कॅन केलेल्या जुन्या मराठी पुस्तकांसाठी १० इंचीच बरा.