केमोसोबत ऑसिमर्टिनिब चालू ठेवायची का?

निळी_शाई:
आईला फुफ्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज, ईजीएफआर जनुकात एक्झॉन १९ चा बदल. मेंदूतल्या बारीक गाठी ऑसिमर्टिनिबने (ईजीएफआरला रोखणारी गोळी) नाहीशा झाल्या होत्या आणि ताज्या एमआरआयमध्येही डोकं स्वच्छ आहे. पण यकृतात नवे डाग आलेत. डॉक्टर म्हणतात, पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन ही केमो सुरू करू, गोळीही राहू दे. मामाचं म्हणणं, "जी गोळी हरली तिला कशाला पोसायचं?" गोळी चालू ठेवून फायदा झाला नाही, असा एक अभ्यासही त्याने पाठवलाय. कोणाला अनुभव?

बिनसाखरेचा_चहा:
मामांचा अभ्यास बहुधा २०१५चा 'इम्प्रेस'. निकाल खरा, पण तो जेफिटिनिब या त्याच प्रकारच्या जुन्या गोळीचा. ऑसिमर्टिनिब मेंदूत त्याहून कितीतरी चांगलं पोचतं, आणि टी७९०एम या ईजीएफआरमधल्या बदलावरही चालतं, जिथे जेफिटिनिब हात टेकतं.

ऑसिमर्टिनिबपुरता 'कॉम्पेल' हा अभ्यास बघा. आजार मेंदूबाहेर वाढलेल्यांपैकी काहींना केमो आणि ऑसिमर्टिनिब, बाकीच्यांना केमो आणि औषध नसलेली गोळी. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ ऑसिमर्टिनिबवाल्यांचा ८.४ महिने, बाकीच्यांचा ४.४. रुग्ण मात्र जेमतेम ९८, म्हणून मी त्यावर फार उड्या मारत नाही.

माझे बाबा याच जोडीवर आहेत. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते पटलं: कॅन्सरच्या सगळ्या पेशी एकदम उलटत नाहीत. ज्या अजून गोळीला दबून आहेत, त्यांना मोकळं कशाला सोडायचं? अशी गोळी अचानक थांबवल्यावर काहींचा आजार केमो सुरू व्हायच्या आतच उसळतो. मेंदूत आधी गाठी असतील तर मी तरी गोळीच्या बाजूने.

बाबांचा थकवा वाढलाय, रक्तातल्या पेशी कमी होतात, एक सायकल पुढे ढकलावी लागली. गोळीवरचे दिवस आठवून चिडतात. ते होणारच.

आडवाट:
पुन्हा बायोप्सी झाली का? आजाराने स्मॉल सेल या वेगळ्या प्रकारच्या कॅन्सरचं रूप घेतलं असेल तर केमोच बदलते, सहसा इटोपोसाइड-प्लॅटिनम देतात. मेट जनुक वाढलेलं निघालं तर आणखी वेगळे पर्याय.

बिनसाखरेचा_चहा:
हे माझ्याकडून राहिलं, आधी हेच विचारा. आणि पेमेट्रेक्सेडच ठरलं तर फॉलिक अ‍ॅसिड आणि बी१२चं इंजेक्शन आठवडाभर आधी सुरू व्हायला हवं. अंगदुखीवर आयब्युप्रोफेन मनाने देऊ नका, किडनी जरा कमजोर असली की पेमेट्रेक्सेड अंगात साठतं.

निळी_शाई:
बायोप्सीचं कोणी बोललंच नव्हतं. उद्या फोन करते. मामाला 'कॉम्पेल' पाठवलं, अजून उत्तर नाही :)