मिश्रखताची मात्रा: नुसती गोणी वाढवत जाणं ही चाचणी नव्हे

काळीमाती

लहान शेतकऱ्यांच्या मका, गहू, घेवडा अशा पिकांवर मिश्रखताच्या (एकाच गोणीत अनेक अन्नद्रव्यं असलेल्या खताच्या) चाचण्या बहुतेक ठिकाणी एकाच साच्यात होतात. हेक्टरी ०, ५०, १००, १५०, २०० किलो मिश्रखत टाकायचं, वरून युरिया द्यायचा आणि जिथे उतारा (हेक्टरी उत्पन्न) जास्त आला ती मात्रा शिफारस म्हणून छापायची. माझ्या मते यातून शेतकऱ्याच्या हाती फारच थोडं लागतं.

इथिओपियाचं उदाहरण घ्या. तिथे वर्षानुवर्षे हेक्टरी १०० किलो डीएपी (नत्र आणि स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, असलेलं खत) आणि १०० किलो युरिया अशी सरसकट शिफारस होती. मग 'इथिओसिस' या माती-नकाशा प्रकल्पात बऱ्याच जमिनींत गंधक आणि बोरॉनही कमी असल्याचं पुढे आलं आणि डीएपीच्या जागी एनपीएस (नत्र, स्फुरद, गंधक) आणि एनपीएसबी (त्यात बोरॉनही) ही खतं आली. आता गोणीवरचे आकडे बघा. डीएपी १८-४६, म्हणजे १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद, तर एनपीएस १९-३८ आणि त्यात ७ टक्के गंधक. दोन्ही १००-१०० किलो टाकून तुलना केली की एनपीएसच्या वाफ्यात ७ किलो गंधक जास्त पडतं, पण स्फुरद ८ किलो कमी पडतं. पीक सारखंच आलं, तर गंधकाने भर काढली म्हणायची की मुळात तेवढ्या स्फुरदाची गरजच नव्हती? अशा चाचणीतून हे कळायला मार्ग नाही. गोणी वाढवली तरी तेच. नत्र, स्फुरद, गंधक सगळं एकदम वाढतं आणि श्रेय कुणाला द्यायचं ते कळत नाही.

जे अन्नद्रव्य सर्वात कमी ते उत्पन्न अडवतं, हे जर्मन शास्त्रज्ञ श्प्रेंगेलने १८२८ मध्ये मांडलं आणि लीबिगने जगभर पोचवलं. मग चाचणीही त्याच प्रश्नाची हवी. एका वाफ्यात सगळं द्या, पुढच्यात फक्त गंधक गाळा, त्यापुढच्यात फक्त स्फुरद, आणि एक वाफा पूर्ण कोरा ठेवा. त्यासाठी युरिया (नत्रासाठी), टीएसपी (स्फुरदासाठी), जिप्सम (गंधकासाठी) अशी सरळ खतं वापरा. कशामुळे अडतंय ते आधी कळू दे, गोणी त्यानंतर ठरवू.

शिवारफेरी

साफ असहमत. मी कृषी विस्ताराच्या, म्हणजे शेतकऱ्यांना सल्ला देण्याच्या, कामात आहे, म्हणून शेतकऱ्याच्या बाजूने सांगतो. अर्धा हेक्टर रान असलेल्या माणसाला पेरणीच्या दोन दिवसांत चार खतं आणून, तोलून, कालवून टाकायला सांगणं म्हणजे त्याच्या वेळेची किंमत शून्य धरणं. एक गोणी, एक मात्रा, बियाण्याच्या ओळीशेजारी, एवढंच तो नीट करू शकतो. गोणी जर तीच राहणार असेल तर ती किती टाकायची हाच त्याच्यापुढचा प्रश्न आहे, आणि तुम्ही ज्या चाचणीला नावं ठेवता ती त्याचंच उत्तर देते.

उतारा_वक्र

शिवारफेरींशी सहमत, कारण मात्र वेगळं. गाळण्याच्या चाचणीने काय कमी आहे ते कळतं, किती द्यायचं ते कळत नाही. जर्मन शास्त्रज्ञ मिट्शरलिखने १९०९ मध्येच दाखवलं होतं की प्रत्येक पुढच्या मात्रेमागे वाढ कमी कमी होत जाते. हा वक्र काढायचा तर मात्रेच्या चार-पाच पायऱ्या लागतातच.

मात्र 'जिथे उतारा जास्त ती शिफारस' हे मलाही अमान्य. सिमिट या मका-गहू संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची जुनी पद्धत बरी: चाचणीतला उतारा आधी १० टक्क्यांच्या आसपास कमी धरायचा, कारण शेतकऱ्याच्या रानात तेवढी निगा होत नाही. मग एका मात्रेवरून पुढच्या मात्रेवर जाताना वाढीव खर्च निघून वर निदान तेवढाच नफा उरतो का ते बघायचं. बहुतेक वेळा सर्वात मोठी मात्रा इथेच गळते.

घेवडाशेंग

चर्चा सगळी धान्यावर चालली आहे. तीच गोणी घेवड्याला द्यायची हे कुणी ठरवलं?

घेवडा कडधान्य असला तरी नत्र स्थिरीकरणात (मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंकडून हवेतलं नत्र मिळवण्यात) सोयाबीनच्या मागे आहे. त्यामुळे सुरुवातीला थोडं नत्र त्याला मानवतं, पण धान्याच्या मापाने दिलं तर गाठी धरतच नाहीत. फुलोऱ्यात दोन-चार झाडं मुळासकट हळुवार उकरा, मुळं पाण्यात धुवा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-तांबूस दिसली तर ती कामावर आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर जिवाणू काही करत नाहीत. पाच मिनिटांचं काम, पण घेवड्याच्या किती चाचण्यांत ही नोंद ठेवतात?

बोरॉनचं तर मला भयच वाटतं. एनपीएसबीत ते ०.१ टक्का, म्हणजे १०० किलोत १०० ग्रॅम. वेगवेगळे दाणे नुसते कालवले असतील तर वाहतुकीत मोठे एकीकडे आणि बारीक एकीकडे होतात. मग एका ओळीत बोरॉन पडतच नाही आणि दुसऱ्या ओळीत बियाण्यालगत ढीग पडतो. घेवडा जादा बोरॉन अजिबात सोसत नाही, खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात. मका त्यामानाने थोडं जास्त सोसतो. दोन्ही पिकांना एकच मात्रा लावणं म्हणूनच धोक्याचं आहे.

काळीमाती

@घेवडाशेंग, हे मूळ लेखात यायला हवं होतं. यावरून आणखी एक: मिश्रण कसं तयार झालंय हेही चाचणीच्या नोंदीत हवं. प्रत्येक दाण्यात सगळं असलेलं खत आणि वेगवेगळे दाणे कालवलेलं खत, दोन्हींचे आकडे सारखे असले तरी शेतात ती सारखी पडत नाहीत.

@शिवारफेरी, शेतकऱ्याने चार खतं कालवावीत असं मी म्हटलेलं नाही. कालवाकालव चाचणीपुरती, आणि ती करणाऱ्यांनी करायची. शेतकऱ्याला गोणीच द्या, पण ती त्याच्या जमिनीला लागू आहे याची खात्री करून द्या.

उकिरडा

झिंबाब्वेत मुरेवा भागातल्या लहान शेतांवर बरंच काम झालंय. घराजवळच्या, वर्षानुवर्षे शेणखत पडलेल्या तुकड्यात खताला मका जोमाने येतो. त्याच शेतकऱ्याच्या लांबच्या, झिजलेल्या वाळूसर तुकड्यात तेच खत टाकलं तर फरक नगण्य. तिथे आधी काही वर्षं शेणखत जावं लागतं. आम्ल जमिनीत तर चुना न घालता दिलेला स्फुरद माती धरून ठेवते आणि घेवड्याची मुळं ॲल्युमिनियमने आखडतात. अशा रानात तुम्ही गोणी वाढवा नाहीतर अन्नद्रव्य गाळा, सगळे वाफे सारखेच खुरटे दिसतील. या वादातल्या दोन्ही बाजूंनी एकाच शेतकऱ्याचे जवळचे आणि लांबचे असे दोन्ही तुकडे घ्यावेत, नाहीतर सरासरी फसवेल.

शिवारफेरी

उकिरडांचा मुद्दा बिनशर्त मान्य, हा फरक मी रोज बघतो. काळीमाती, तुमचे गाळायचे वाफेही चालतील, पण शेतकऱ्याच्या रानात पाचच्या वर नकोत: कोरा, सगळं दिलेला, स्फुरद गाळलेला, गंधक गाळलेला आणि सध्याची शिफारस. कडेच्या ओळी सोडून मधल्याच कापा आणि वजन घेताना दाण्याचा ओलावा मोजा. बोरॉनचा वाफा आधी संशोधन केंद्रावर होऊ द्या. ज्याच्या घरचा वर्षाचा घेवडा त्या तुकड्यावर अवलंबून आहे, त्याच्या रानात मी तो घालणार नाही.