वरच्यांनी राखायचं आणि खालच्यांनी फुकट प्यायचं?

उगमाकडचा:
काल एक पोस्ट वाचली, "पाणलोट राखायचे पैसे दिले की लोक लोभी होतात, निसर्ग कर्तव्य म्हणून जपावा." डोकंच फिरलं. म्हणजे वरच्याने उतारावर नांगर घालायचा नाही, गुरं सोडायची नाहीत, खत हात राखून टाकायचं, आणि खालच्याने पाईप लावून गाडी धुवायची, वर कर्तव्याचे डोस पाजायचे. न्यूयॉर्कला पाणी गाळायच्या फिल्टरेशन प्लांटचा अंदाज ६०० ते ८०० कोटी डॉलरच्या घरात गेला, तेव्हा १९९७ मध्ये शहराचं पाणी जिथून येतं त्या कॅट्सकिल डोंगरातल्या लोकांशी करार केला. शेणाचं पाणी ओढ्यात जाऊ नये म्हणून गोठ्यांची कामं, काठाला कुंपण, सगळा खर्च शहराचा. ते काय लोभी झाले का?

रोखठोक:
आलं न्यूयॉर्क! अहो, शहराला पुळका नव्हता आला, प्लांट बांधा नाहीतर पाणलोट सांभाळून दाखवा असा केंद्र सरकारचा बडगा होता. आणि त्याच शहराने आधी धरणांसाठी त्याच डोंगरातली गावं बुडवली, तेही सांगा की. माझ्या ओळखीच्या एका गावात लोक आपणहून चराईबंदी पाळायचे. योजना आली, पैसे आले, मग हप्ता थकला आणि लगेच कुऱ्हाडी बाहेर. पूर्वी फुकट राखत होते हो!

हिरवळ:
हप्ता बुडवला कोणी? त्याचं बोला ना. तुमचा पगार थकला तर तुम्ही कर्तव्य म्हणून ऑफिसला जाणार का?

पाऊसवेडा:
दोन्ही पार्ट्यांनी गृहीत धरलंय की झाडं वाढली की नदीचं पाणी वाढतं. झाड पाणी पितं राव. दक्षिण आफ्रिकेत १९९५ पासून 'वर्किंग फॉर वॉटर' या सरकारी योजनेत बेरोजगारांना पैसे देतात ते झाडं *तोडायला*, नदीला पाणी राहावं म्हणून.

हिरवळ:
झालं, आता जंगलं तोडा. कुठल्या बिल्डरकडून आलात?

पाऊसवेडा:
आधी वाचा, मग भडका. बाहेरून आणलेली घुसखोर झाडं तोडतात, वॅटल म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभूळ, पाईन वगैरे. स्थानिक जंगल कोण तोडतंय? वडिलांनी हौसेने बांधाला निलगिरी लावली होती, खालच्या विहिरीचं पाणी दरवर्षी खाली खाली. शेवटी झाडं काढली तेव्हा कुठे आई रिकामी कळशी घेऊन परत यायची थांबली.

रोखठोक:
एक विहीर आटली की झालं संशोधन! पाऊस कमी असेल त्या वर्षांत.

उगमाकडचा:
अहो पण जंगलाखालच्या मातीत पाणी मुरतं, गाळ अडतो, त्याचं काय? धागा झाडांचा नाहीये, पैशांचा आहे!!

पाऊसवेडा:
मुरतं ना, कुठे नाही म्हणतोय. पण चुकीच्या जागी चुकीचं झाड लावून त्याचे पैसे वाटलेत तर नदी कमी आणि बिलं जास्त. म्हणजे मुद्दा पैशांचाच झाला की.

शेळीवाली:
तुमचं झाडपुराण आटोपलं असेल तर एक विचारू? पैसे मिळतात जमिनीचा कागद ज्याच्या नावावर त्याला. कुरणबंदी बसते ती बिनजमिनीच्या बाईवर. माझ्या आजीने बंदीपायी सगळ्या शेळ्या विकल्या, आणि भरपाईच्या यादीत ज्याचं नाव लागलं तो वर्षानुवर्षं शहरात राहणारा जमीनमालक. त्याने एक फांदीसुद्धा राखली नव्हती.

उगमाकडचा:
हे बाकी खरंय ताई. राखणाऱ्याच्याच हातात पैसे पडायला हवेत.

रोखठोक:
मग एवढा वेळ मी काय गात होतो? बरं, द्या बाबा पैसे, एवढी हौस असेल तर. पण पाणी तपासून द्या. चीनमध्ये शिनआन नदीवर २०१२ मध्ये तशी अट घातली, पाणी ठरल्या दर्जाचं राहिलं तर खालच्या प्रांताने वरच्याला १० कोटी युआन द्यायचे, बिघडलं तर वरच्याने खालच्याला भरायचे.

शेळीवाली:
प्रांताने प्रांताला दिले. नदीतल्या पिंजऱ्यात मासे पाळणाऱ्यांना तिथून उठवलं, त्यांच्या वाट्याला त्यातलं काय आलं ते विचारा आधी.

हिरवळ:
आणि बिल्डरवाल्याने वॅटलच्या जागी पुढे काय लावतात ते अजून सांगितलेलं नाही.