जपानच्या बायकांची व्हॉलीबॉल टीम आणि आपले सोललेले गुडघे: या, लिहा

निशीकासाईची नणंद
परवा शेजारच्या आजींकडे किल्ली ठेवायला गेले तर टीव्हीवर जुनी ब्लॅक अँड व्हाइट मॅच चालू आणि आजी (ऐंशीच्या पुढे आहेत) उशी मांडीवर आवळून बघतायत, निकाल लागून साठ वर्षं झाली तरी! 23 ऑक्टोबर 1964, टोकियो ऑलिंपिकची फायनल, जपान विरुद्ध सोव्हिएत रशिया. ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल पहिल्यांदाच होतं त्या वर्षी. जपानच्या पोरींनी पहिले दोन सेट 15-11, 15-8 असे सहज घेतले आणि तिसऱ्यात मॅच पॉइंटला येऊन अडकल्या. तेव्हा सर्व्हिस आपली असेल तरच पॉइंट मिळायचा, त्यामुळे सर्व्हिस नुसती इकडून तिकडे, स्कोअर हलेचना, आणि रशिया हळूहळू 13 वर. आजींनी उशीचं टोक तोंडात धरलेलं. मग रशियाच्या एकीचा हात नेटवरून पलीकडे आला, शिट्टी, खलास. 15-13. नंतर वाचलं की टीव्ही रेटिंग 66.8 टक्के होतं.
मला एकदम शाळेचं ग्राउंड आठवलं, चुन्याच्या रेघा आणि ढिला नेट. तुमचंही येऊ द्या.

लिफ्टर ताई
गुडघ्यांचं नाव काढू नकोस बाई. आमचे सर लोळण रिसीव्ह करायला लावायचे, म्हणजे बॉलखाली सूर मारायचा, हात लागला की खांद्यावरून कोलांटी आणि लगेच उभं. "जपानी पोरी करतात, तुम्हाला काय धाड भरलीय?" त्या पोरी लाकडी फ्लोअरवर करायच्या, आमच्याकडे मुरूम. कोपराला अजून खडा आहे आत, दाबला की लागतो. थांबा कुकर झाला

काळाचौकी
त्या टीममधल्या बहुतेक जणी सूतगिरणीतल्या होत्या हे माहितीये का कुणाला? ओसाकाजवळ काइझुकाला निचिबो म्हणून कापड कंपनी, तिची टीम. दिवसा ड्युटी आणि मग मध्यरात्र उलटेपर्यंत प्रॅक्टिस. माझे आजोबा गिरणीत साच्यावर (कापड विणायच्या मागावर) होते आणि गिरणीच्या कबड्डी टीममध्येही, त्यांना मॅचच्या दिवशी पाळी बदलून मिळायची, आजीच्या मते लग्न तेवढ्यावरच जमलं 😄 त्यामुळे ही टीम मला आपल्या चाळीतलीच वाटते.

पोह्यांवर लिंबू
@काळाचौकी कुठली गिरणी? आमचे काका पण साच्यावरच होते

काळाचौकी
व्यक्तिगत निरोप करतो

एक शंकेखोर
कौतुक ठीक आहे पण तो कोच दाइमात्सु. दुसऱ्या महायुद्धातल्या इंफाळच्या मोहिमेतून जिवंत परतलेला सैनिक, आणि पोरींना तसंच राबवलं. 1962 ला मॉस्कोत जाऊन रशियाला हरवून वर्ल्ड चॅम्पियन झाल्या तेव्हा खरं तर थांबायचं होतं, लग्नाची वयं झालेली. लोकांनी थांबू दिलं नाही. कप्तान कासाईचं लग्न ऑलिंपिकनंतर पंतप्रधानांनी स्थळ सुचवून जमलं!! आज असा कोच असेल तर पालक शाळेत मोर्चा नेतील.

लिफ्टर ताई
पंतप्रधानांनी स्थळ 😂😂 आमच्या सरांनी निदान एक स्थळ तरी सुचवायचं होतं, गुडघे तर त्यांनीच घेतले

अण्णा फ्रॉम फ्रेमाँट
जपान म्हणजे 1964 एवढंच नाही हो. 68 आणि 72 ला सिल्व्हर, 76 ला माँट्रियलला गोल्ड, अख्ख्या स्पर्धेत एकही सेट न गमावता, फायनलचा शेवटचा सेट 15-2! 80 ला मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार. 84 ला ब्राँझ, आणि त्यानंतरचं मेडल थेट 2012 ला. अठ्ठावीस वर्षं. त्या लंडनच्या टीमची लिफ्टर (स्मॅशसाठी बॉल उचलून देणारी) ताकेशिता 159 सेंटीमीटर. माझी मुलगी तेव्हा "मी बुटकी" म्हणून टीम सोडायला निघालेली, तिला क्वार्टर फायनल दाखवली, चीनला पाच सेटमध्ये हरवलं ती. सोडली नाही. आता माझ्याहून उंच आहे ती गोष्ट वेगळी

पोह्यांवर लिंबू
159? म्हणजे मी. पण माझी सर्व्हिस नेटपर्यंत पण जायची नाही, मला स्कोअर लिहायला बसवायचे, तिथे पण सावली बघून बसायचे

तोक्योतला तात्या
आमचं दुःख वेगळं. टोकियो 2020 चं लॉटरीत तिकीट लागलं, ऑलिंपिक एक वर्ष पुढे ढकललं, मग प्रेक्षकच बंद. पैसे परत मिळाले पण काय करायचेत. घरी बसून बघितलं, कोरियाविरुद्ध पाचव्या सेटमध्ये 14-12 पुढे, बायको चहा टाकायला उठली, येईपर्यंत 14-16. क्वार्टर फायनलही गाठली नाही. चहाचा विषय अजून निघतो घरी.

लिफ्टर ताई
बायकोला कशाला बोल, रिसीव्ह हलला तो

तोक्योतला तात्या
हे तिला वाचून दाखवलं, तुम्हाला घरी चहाला बोलावलंय

निशीकासाईची नणंद
आजींना विचारलं, तुम्ही खेळायचात का? उत्तर नाही दिलं, उठून भिंतीला टेकून हात जोडून अंडरहँडची पोझ घेतली, गुडघे वाकवून, अंगठे एकदम समांतर. मीच घाबरले, म्हटलं बसा बसा

काळाचौकी
फोटो काढला का??

निशीकासाईची नणंद
नाही ना. किल्ली पण तिथेच विसरले